पहिल्या वर्षाचा पेपर, दुसरा खर्डा

पाथर्डीच्या बाबूजी आव्हाड महाविद्यालयात किंवा आदिनाथनगरच्या दादापाटील राजळे महाविद्यालयात पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींना काळजी असते ती मुख्य विषयाची. भाषेचा पेपर कुणाच्या खिजगणतीत नसतो. 'मराठी काय, सुटतंच' असं म्हणून त्याची वही बहुतेक जण दिवाळीनंतर घेतात. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा आला आणि त्यात भाषेला क्षमतावृद्धीच्या खात्यात २ श्रेयांक मिळाले. एका श्रेयांकाला १५ तास, म्हणजे सत्राला ३० तास. त्यातून सण, जयंत्या, युवक महोत्सव आणि एसटी चुकल्यामुळे बुडालेले तास वजा करा. उरलेल्या वेळात कुणी लेखक होत नाही, हे मान्य. पण आपणच लिहिलेलं परत वाचायचं आणि मोडून पुन्हा लिहायचं, ही एक सवय मात्र या वर्षात लागू शकते. पुढे ती लागणं अवघड असतं, कारण पुढे तुमचं लिहिलेलं वाचून, खुणा करून परत देणारं कुणी भेटत नाही.

हा लेख त्या एका सवयीबद्दल आहे. पाथर्डी तालुक्यातली मुलं डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. पण शेवगाव, आष्टी, जत, सिन्नर अशा कुठल्याही गावच्या कॉलेजात हीच परिस्थिती आहे.

आधी शाळेतून काय घेऊन येता ते पाहू. दहावी-बारावीत निबंध एकदाच लिहिला जातो. तो आधी पाठ केलेला असतो, परीक्षेत उतरवला जातो, त्याला दहापैकी सहा-सात गुण मिळतात आणि संपतो. सुरुवातीला सुविचार, मध्ये तीन परिच्छेद, शेवटी 'शासनाने लक्ष देण्याची गरज आहे'. यात शिक्षकांचा दोष कमी आहे. एकेका वर्गात साठ-सत्तर वह्या असल्यावर कुणीही साचाच पसंत करील. पण या साच्यामुळे मुलांच्या मनात एक गैरसमज घट्ट बसतो. लिहिणं म्हणजे डोक्यात तयार असलेलं कागदावर उतरवणं, आणि सुधारणं म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ तपासून एखादा भारी शब्द घालणं, असं त्यांना वाटू लागतं.

हा गैरसमज फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत हार्वर्डने १८८५ पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना लेखनाचा अभ्यासक्रम सक्तीचा केला, तेव्हापासून तिथले शिक्षकही याच प्रश्नाशी झगडत आहेत. लेखनाच्या अभ्यासक नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी २० नवखे विद्यार्थी आणि २० मुरलेले लेखक घेतले आणि ते आपला मजकूर कसा सुधारतात ते तपासलं. विद्यार्थी शब्द बदलत होते: हा खोड, तो घाल, इथे पुनरुक्ती झाली. मुरलेले लेखक आधी आपल्याला नेमकं काय म्हणायचं आहे ते शोधत होते. परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवत होते, अर्धा मजकूर टाकून देत होते, वाचणाऱ्याला कुठे अडखळायला होईल याचा विचार करत होते. पहिला खर्डा त्यांच्या लेखी लेखनाची सुरुवात होती, विद्यार्थ्यांच्या लेखी शेवट. पहिल्या वर्षाच्या भाषेच्या पेपरातून एवढी एक गोष्ट पदरात पडली तरी पुष्कळ झालं, असं माझं मत आहे.

आता प्रत्यक्ष पाहू. पुढचा परिच्छेद मी नमुन्यासाठी रचला आहे, पण असे परिच्छेद दर वर्षी शेकड्यांनी लिहिले जातात.

"दुष्काळ ही आपल्या तालुक्याला लागलेली कीड आहे. दुष्काळामुळे शेतकरी हवालदिल झाला आहे. पाण्यावाचून माणसाचे जीवन म्हणजे पाण्याबाहेर तडफडणारा मासा होय. अनेक लोक पोटाची खळगी भरण्यासाठी आपले गाव सोडून परमुलखात जातात. त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचे स्वप्न धुळीस मिळते. शासनाने याकडे गांभीर्याने लक्ष देण्याची नितांत गरज आहे."

व्याकरणाची चूक एकही नाही. गुणही मिळतील. पण हा परिच्छेद कुणी लिहिला? पाथर्डीच्या मुलाने, की माण तालुक्यातल्या मुलीने, की पुण्यात बसून वृत्तपत्र वाचणाऱ्या कुणी? काहीच कळत नाही. हवालदिल, पोटाची खळगी, नितांत गरज हे सगळे शब्द जोडीने येतात आणि लिहिणाऱ्याला विचार करण्याचे कष्ट पडू देत नाहीत. दुष्काळ इथे आहे, पण दुष्काळात राहणारं माणूस एकही नाही.

त्याच मुलाने आठवड्याने हा कागद समोर घेतला आणि प्रत्येक वाक्याला 'कोण? कधी? कुठे? तुला कसं माहीत?' असे प्रश्न विचारले, तर दुसरा खर्डा साधारण असा होईल:

"दसरा झाला की आमच्या वस्तीवरची घरं एकेक करून कुलपात जातात. मुकादमाकडून उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, ती फेडायला आई-वडील साखर कारखान्यावर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. वडील ऊस तोडतात, आई मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रकपर्यंत नेते. मी कॉलेजला असल्यामुळे आजीजवळ थांबतो. गेल्या वर्षी धाकट्या बहिणीला त्यांनी बरोबर नेलं. ती आठवीत होती. पट्टा पडून हंगाम संपल्यावर एप्रिलमध्ये ते परत आले, तेव्हा शाळेत वार्षिक परीक्षा सुरू होती. तिने पेपर दिले, पण कोणते धडे शिकवून झालेत हे तिला माहीत नव्हतं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह सुरू होतं म्हणतात. आमच्या गावात ते का सुरू झालं नाही, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही."

यात विशेषण जवळजवळ नाही. 'भीषण', 'विदारक', 'करुण' यांतलं काहीही नाही, तरी वाचणारा थांबतो. मुकादम, उचल, कोयता, पट्टा पडणं हे शब्द पाथर्डीत कुणाला समजवावे लागत नाहीत. पण उत्तरपत्रिका तपासणारे किंवा मासिकाचे संपादक मुंबईचे असतील तर त्यांना ते अडतील. म्हणून 'नवरा-बायको मिळून' असं ओघात सांगून टाकलं. वाचकाला खुलासा मिळाला आणि वाक्यही अडलं नाही. हे कसब कंसात अर्थ देऊन येत नाही.

पण खरी गंमत शेवटच्या वाक्यात आहे. पहिल्या खर्ड्यात 'शासनाने लक्ष द्यावे' असं म्हणून मुलगा मोकळा झाला होता. दुसऱ्यात त्याला कळलं की वसतिगृहाबद्दल आपल्याला नक्की काहीच माहीत नाही. मग तिसरा खर्डा बसल्या जागी लिहिता येत नाही. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारावं लागतं, मुकादमाशी बोलावं लागतं, आजीला विचारावं लागतं की तुझ्या काळी ऊसतोडीला कुठे जायचे. लिहिता लिहिता आपल्याला काय माहीत नाही ते उघड होतं, आणि मग माणूस माहिती काढायला बाहेर पडतो. निबंध आणि लेखन यांतला मला दिसणारा सर्वांत मोठा फरक हाच.

एक सावधगिरी. घरचं लिहायला सांगितलं की काही मुलं दारिद्र्याचं प्रदर्शन मांडतात, कारण त्याला टाळ्या मिळतात. काही मुली आईविषयी असं काही लिहून बसतात की कॉलेजच्या नियतकालिकात छापून आल्यावर आईला मान वर करता येत नाही. घरातल्या माणसाबद्दल लिहिलं असेल तर ते छापायला देण्याआधी त्या माणसाला वाचून दाखवा. त्याने 'हे नको' म्हटलं तर काढा. नाव बदलून भागत असेल तर बदला. वाचणाऱ्याला दयेपेक्षा माहितीची ओढ जास्त असते, ती द्या.

आणि सगळ्यांनी ऊसतोडीवरच लिहावं असंही नाही. आता त्याचाही साचा व्हायला लागला आहे. मढीच्या कानिफनाथांच्या यात्रेतला गाढवांचा बाजार, तिथे भाव कसा ठरतो, रेवडीचं दुकान लावणाऱ्याचा वर्षाचा हिशेब कसा चालतो, हे कुणी नीट विचारून लिहिलंय का? मोहटादेवीच्या नवरात्रात पायी जाणाऱ्या बायका पहाटे किती वाजता निघतात, वाटेत काय बोलतात? पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर १६०० मीटर धावणारी मुलं धावून झाल्यावर काय खातात, कितव्यांदा भरती देत आहेत? करंजी घाटातला धाबा, टँकरची वाट पाहणारी वस्ती, लग्नसराईतला मंडपवाला, मोबाइल रिचार्जच्या दुकानात दिवसभर बसणारा चुलतभाऊ. विषय शोधायला नगरला जायची गरज नाही. विचारण्याचा संकोच तेवढा सोडावा लागतो, आणि तो सोडणं अठराव्या वर्षी सोपं नसतं. म्हणून पहिली मुलाखत ओळखीच्या माणसाची घ्या, पण अशा कामाबद्दल घ्या जे तुम्ही स्वतः कधी केलेलं नाही.

विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध काय करू शकतो, याचं मराठीतलं सर्वांत मोठं उदाहरण वाचायचं असेल तर मुक्ता साळवे यांचं वाचा. ज्या सावित्रीबाईंचं नाव २०१४ पासून पुणे विद्यापीठाला आहे, म्हणजे जे नाव तुमच्या पदवीवर छापलं जाणार आहे, त्यांच्या आणि जोतीरावांच्या पुण्यातल्या शाळेतली ही विद्यार्थिनी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'मध्ये १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत दोन भागांत छापला गेला. हे 'ज्ञानोदय' १८४२ साली आपल्या नगरलाच सुरू झालेलं. निबंध लहान आहे, सहज मिळतो. तो दोन गोष्टींसाठी वाचा. एक, ती नुसतं रडगाणं गात नाही. समोरच्याचं म्हणणं उचलते आणि ते त्याच्यावरच उलटवते. वेद जर तुमचेच, त्यावर आमचा हक्क नाही, तर मग आम्हाला धर्मग्रंथच नाही. मग आमचा धर्म कोणता ते देवानेच सांगावं, असा तिचा युक्तिवाद आहे. दुसरं, ती उदाहरणं देते ती डोळ्यांनी पाहिलेली. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसतं, असं ती सांगते तेव्हा 'अन्याय' हा शब्द वेगळा लिहावा लागत नाही. शाळकरी वयाच्या मुलीने सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी हे केलं. तुमच्या पेपरातल्या 'वैचारिक लेखन' या प्रकरणात जे शिकवायचं असतं ते सगळं तिच्या त्या थोड्या पानांत आहे.

भाषेबद्दल मुलांना एक भीती असते: आपली भाषा गावठी. 'गेल्तो', 'आल्ती', 'तव्हा' असं बोलणारा मुलगा कागदावर आला की एकदम 'सदरहू' आणि 'तथापि' वर जातो आणि मध्ये कुठेतरी हरवतो. लक्ष्मीबाई टिळक कधी शाळेत गेल्या नव्हत्या. घरीच वाचायला-लिहायला शिकल्या. नगर आणि राहुरीत त्यांचा संसार झाला. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३७ या काळात आली आणि आजही मराठी गद्याचा नमुना म्हणून वाचली जातात, ती त्यांनी बोलल्यासारखी लिहिली म्हणून. अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार यांनी १९७८ साली 'बलुतं' लिहिलं, तेही कुणाच्या ड्रॉइंगरूमची भाषा उसनी न आणता. तेव्हा भीती बाळगू नका. फक्त एक शिस्त ठेवा. माणसं जशी बोलतात तसं संवादात लिहा, निवेदनाची भाषा एकच धरा, आणि 'होते-होतं', 'केले-केलं' यांची एकाच पानात सरमिसळ करू नका. अर्जात आणि परीक्षेत प्रमाणभाषा, ललितात तुमची. यात कमीपणा कुठेच नाही.

आता रोजच्या व्यवहाराकडे. कच्चं लिहायला वेगळी वही ठेवा, सुबक अक्षराची गरज नसलेली. हार्वर्डलाच बॅरेट वेंडेल नावाचे प्राध्यापक विद्यार्थ्यांकडून रोज एक छोटं टिपण लिहून घेत. तुमच्याकडे रोजचा फावला वेळ ठरलेला आहे: शेवटचा तास सुटल्यापासून गावची एसटी लागेपर्यंतचा. स्टँडवर मोबाइलमध्ये जाणाऱ्या त्या वेळातला पाव तास वहीला द्या. विषय ठरवू नका, आज काय पाहिलं आणि काय ऐकलं एवढंच. त्यातलं नव्वद टक्के टाकाऊ निघेल. महिन्याने वही चाळलीत तर एखादं पान खुणावेल, ते गृहपाठासाठी घ्या. एका पानावर लिहा, समोरचं पान कोरं सोडा. दुसरा खर्डा त्या कोऱ्या पानावर येईल आणि दोन्ही शेजारी दिसतील. तारखा टाका. सत्र संपताना सरांनी वही पाहिली तर काय सुधारलं हे त्यांना सांगावं लागणार नाही.

वाचणारं कुणीतरी लागतंच. अमेरिकी शिक्षक पीटर एल्बो यांनी १९७३ च्या त्यांच्या पुस्तकात शिक्षकाविना चालणाऱ्या लेखनवर्गाची कल्पना मांडली. तिची पाथर्डीतली आवृत्ती अशी करता येईल. चौघं-पाचजण आठवड्यातून एकदा ग्रंथालयामागे किंवा मैदानाच्या कडेला बसा. एकाने आपला मजकूर मोठ्याने वाचायचा. बाकीच्यांनी 'छान' किंवा 'बोर' म्हणायचं नाही. फक्त दोन गोष्टी सांगायच्या: ऐकताना मला काय दिसलं, आणि कुठे माझं लक्ष उडालं. लिहिणाऱ्याने बचाव करायचा नाही, ऐकून घ्यायचं. पहिल्या दोन-तीन बैठका हसण्यात जातील, जाऊ द्या. मोठ्याने वाचण्याचा फायदा असा की लांबलेलं वाक्य श्वास पुरेनासा झाला की आपोआप कळतं, आणि उसना शब्द मित्रांसमोर उच्चारताना जिभेला लाज वाटते. मुलामुलींचा एकत्र गट जमणं आपल्याकडे कुठे कुठे अवघड. तिथे वेगवेगळे गट करून लेखी मजकूर अदलाबदल करा. घरच्यांचा जाच वाढेल असं काही करू नका, लेखन त्याहून महत्त्वाचं नाही.

शिक्षकांकडे जाताना तयारीने जा. शंभर मुलांच्या वर्गाला शिकवणाऱ्या सरांपुढे दहा पानं ठेवून 'सर, बघा ना कसं झालंय' म्हटलं की उत्तर 'छान आहे, लिहीत राहा' असंच येणार. त्याऐवजी एक पान न्या आणि एक प्रश्न विचारा: 'सर, तिसरा परिच्छेद आधी घेतला तर चालेल का?' 'मॅडम, मुकादमाची बाजू यात कमी पडते का?' अशा प्रश्नाला दोन मिनिटांतही उपयोगी उत्तर मिळतं. कधी उत्तर पटणार नाही. तरी ते वहीत टिपून ठेवा, पुढच्या खर्ड्यात करून पाहा, मग ठरवा.

शुद्धलेखन सर्वांत शेवटी. मी हे मुद्दाम शेवटी म्हणतोय, कारण पहिल्याच खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घाने अडखळणारी मुलं पुढचं वाक्य विसरतात. पण शेवटी म्हणजे वगळायचं नाही. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४ असे एकूण १८ नियम आहेत. ते चार पानांत मावतात, एकदा हाताने उतरवून काढा. त्यातही ठरावीक ठिकाणीच बहुतेकांचा पाय घसरतो. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: कवी, गुरू, पाटी. पण समासात मुळात ऱ्हस्वान्त असलेला तत्सम शब्द आधी आला की ऱ्हस्व: कविसंमेलन, गुरुकृपा. 'आणि' ऱ्हस्व, 'की' दीर्घ. मूल-मुलाला, फूल-फुलाचा, विहीर-विहिरीत, इथे प्रत्यय लागला की आतला दीर्घ ऱ्हस्व होतो. 'मुलांना', 'शिक्षकांनी' यांतला अनुस्वार विसरू नका. एक टिंब गेलं की एकाचे अनेक आणि अनेकाचा एक होतो. मो. रा. वाळंबे यांचं व्याकरण स्पर्धा परीक्षेसाठी तुम्ही घेणारच आहात, ते याच वर्षी घ्या. शब्दाच्या अर्थासाठी मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश इंटरनेटवर फुकट पाहता येतात. आजीच्या तोंडचे कितीतरी शब्द त्यात सापडतात, आणि आपण अशुद्ध समजत होतो ते कोशात सन्मानाने बसलेले दिसतात.

पेपरात व्यावहारिक लेखनाचा भाग असतो: अर्ज, बातमी, इतिवृत्त, जाहिरात, मुलाखत. मुलं तो पाठ करतात, आणि 'अ. ब. क., मु. पो. कखग' असा काल्पनिक अर्ज लिहून मोकळी होतात. मी म्हणेन, खरा अर्ज लिहा. तुमच्या गावची सकाळची बस पहिल्या तासाला पोचत नसेल तर पाथर्डी आगाराच्या व्यवस्थापकांना लिहा. कोणता मार्ग, बसची वेळ कोणती, तास किती वाजता, त्या गाडीने येणारे पासधारक विद्यार्थी किती, गाडी किती मिनिटं अलीकडे घेतली तर सोय होईल. पाच ओळींत एवढं बसवायचं. 'विद्यार्थ्यांचे अतोनात हाल होत आहेत' या वाक्याने आगारात काही हलत नाही. मार्ग, वेळ आणि संख्या दिली तर निदान कुणाला तरी वेळापत्रक उघडावं लागतं.

यापेक्षा कडक व्यायाम हवा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. कायदा २००५ चा. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ साली अशी अट आली की अर्ज एकाच विषयाचा असावा आणि सर्वसाधारणपणे दीडशे शब्दांत असावा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. त्या दुसऱ्या खर्ड्यातला मुलगा आठवा. 'आमच्या गावात हंगामी वसतिगृह मागील तीन वर्षांत मंजूर झाले होते काय, झाले असल्यास किती मुलांसाठी, सुरू न झाल्यास कारण काय' हे दीडशे शब्दांच्या आत, एकही शब्द भावनेचा न घालता लिहायचं. संक्षेपाचा याहून चांगला गृहपाठ कुठल्याही पाठ्यपुस्तकात मला दिसलेला नाही. आधी शाळेत तोंडी विचारा, बहुतेकदा तिथेच उत्तर मिळतं. नाही मिळालं तर अर्ज करा. उत्तर आलं की तिसऱ्या खर्ड्याला कणा मिळतो.

राष्ट्रीय सेवा योजनेचं हिवाळी शिबिर हीदेखील अशीच वाया जाणारी संधी. सात दिवस गावात राहायचं आणि अहवालात 'ग्रामस्थांचे उत्स्फूर्त सहकार्य लाभले' लिहायचं! त्याऐवजी अहवालाचं काम मागून घ्या. किती मीटर चर खणले, कुणाच्या शेतात, गावातल्या कोण माणसाने पहिल्या दिवशी विरोध केला आणि तो शेवटी कसा निवळला, हे लिहा. तो अहवाल कुणी वाचेल.

विज्ञान आणि वाणिज्याच्या मुलांना हे आपलं काम वाटत नाही. रंगनाथ पठारे संगमनेरच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते. त्यांच्या 'ताम्रपट' कादंबरीला १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. प्रयोगवहीत 'काय केलं, काय दिसलं, काय निष्कर्ष' हे वेगळं ठेवायची सवय ज्याला आहे, त्याला चांगलं गद्य लिहायला कला शाखेच्या मुलापेक्षा कमी खटाटोप पडतो, असं मला तर वाटतं.

मोबाइलवरच्या लेखन करून देणाऱ्या यंत्रबुद्धीबद्दल बोलावंच लागेल. तिला 'दुष्काळावर निबंध' म्हटलं की वरच्या पहिल्या खर्ड्यासारखा मजकूर क्षणात येतो, जरा जास्त गुळगुळीत. तुमच्या बहिणीला आठवीचे कोणते धडे चुकले हे तिला माहीत नाही. गृहपाठ तिच्याकडून करून घेतला तर गुण मिळतीलही, पण दुसरा खर्डा लिहिण्याचा प्रश्नच उरणार नाही, कारण पहिला तुमचा नव्हता. बोलून मराठी टंकण्याची सोय मात्र जरूर वापरा. आजीची मुलाखत ध्वनिमुद्रित करून उतरवून काढायला ती उपयोगी आहे. फक्त उतरलेलं प्रत्येक वाक्य मूळ आवाजाशी ताडून घ्या, आपल्या भागातले शब्द ती हमखास चुकवते. आणि संगणकावर इन्स्क्रिप्ट कळफलक शिकून घ्या. पंधरा दिवसांचं काम आहे, नोकरीतही लागतं.

परीक्षेपुरतं थोडक्यात. तिथे दुसरा खर्डा लिहायला वेळ नसतो. म्हणून लेखनाच्या प्रश्नाला पहिली पाच मिनिटं उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर चार मुद्दे आणि एक खरं उदाहरण लिहा, मग क्रम ठरवून उतरवा. सुविचाराने सुरुवात करू नका. तपासणाऱ्याने तो त्या दिवशी चाळीस वेळा वाचलेला असतो.

छापून येण्याची घाई नको, पण संधी सोडूही नका. १४ ते २८ जानेवारीला मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. त्या सुमारास कॉलेजात भित्तिपत्रक लागतं, स्पर्धा होतात, वार्षिक नियतकालिकासाठी साहित्य मागवल्याची सूचना फळ्यावर येते. वृत्तपत्रांच्या नगर आवृत्त्यांत वाचकांच्या पत्रांना जागा असते. रस्ता, पाणी, बस यांबद्दलचं मुद्देसूद पत्र तिथे छापून येऊ शकतं. नियतकालिकाची सूचना लागली की पहिला खर्डा देऊन मोकळे होऊ नका. तो मित्रांना वाचून दाखवा, ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना वाचून दाखवा, अडलेली माहिती विचारून आणा, आणि तिसरा खर्डा द्या.